सरकत्या वाळवंटाची गोष्ट

भूगोलाच्या तासाला ‘वाळवंटीकरण’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मुलांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. वाळूच्या टेकड्या हळूहळू पुढे सरकत आहेत आणि त्यांच्याखाली शेते, विहिरी, घरे गाडली जात आहेत. यात मुलांची चूक नाही. पुस्तके, वर्तमानपत्रे आणि सरकारी अहवाल यांनी गेली ऐंशी-नव्वद वर्षे हेच चित्र रंगवले आहे. ‘सहारा वाळवंट दर वर्षी इतके किलोमीटर दक्षिणेकडे सरकते’ हे वाक्य आपणही वाचले असेल, कदाचित वर्गात सांगितलेही असेल. हा आकडा कुठून आला? तो कुणी, कसा मोजला? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की विज्ञानाच्या इतिहासातले एक चांगलेच गुंतागुंतीचे प्रकरण उलगडते. या आकड्याच्या जोरावर मोठमोठ्या योजना आखल्या गेल्या आणि एका खंडातले गुराखी व शेतकरी आपल्याच जमिनीचे मारेकरी ठरले.

ही गोष्ट घडते ती आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात. सहाराच्या दक्षिण कडेने अटलांटिक महासागरापासून तांबड्या समुद्रापर्यंत हा पट्टा पसरला आहे. सेनेगल, मॉरिटानिया, माली, बुर्किना फासो, नायजर, चाड, सुदान हे देश पूर्णपणे किंवा अंशतः त्यात येतात. ‘साहिल’ म्हणजे किनारा. हिंदी-उर्दू गाण्यांमुळे हा शब्द आपल्या कानांवरून गेलेला आहे. उंटांचे तांडे घेऊन वाळूचा समुद्र ओलांडणाऱ्या अरब व्यापाऱ्यांना हिरवळीची पहिली कड दिसायची, तो हा किनारा.

इथला पाऊसही मोसमी. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येणारा, म्हणजे आपल्या पावसाचा सख्खा भाऊच. पट्ट्याच्या उत्तर कडेला वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर, दक्षिण कडेला ६०० च्या आसपास. पिके ज्वारी, बाजरी, चवळी. माण-आटपाडीकडच्या शेतकऱ्याला तिथे नेऊन उभे केले तर त्याला फारसे परके वाटणार नाही. आपण जिची भाकरी खातो त्या बाजरीचे मूळ घरही हेच. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती इथे माणसाळवली गेली आणि मग समुद्रमार्गे भारतात आली.

या प्रदेशाविषयी पहिली जोरदार हाकाटी केली ती एका अशा माणसाने, ज्याचा भारताशी जवळचा संबंध होता. एडवर्ड पर्सी स्टेबिंग हे भारतीय वनखात्यात वनकीटकांचे तज्ज्ञ म्हणून काम केलेले इंग्रज अधिकारी. भारतातल्या जंगलांचा तीन खंडांचा इतिहास त्यांनी लिहिला आणि पुढे ते एडिनबरा विद्यापीठात वनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३४ मध्ये त्यांनी पश्चिम आफ्रिकेचा दौरा केला आणि १९३५ मध्ये ‘चालून येणारा सहारा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे : वाळवंट गाजावाजा न करता दक्षिणेकडे सरकत आहे. याला जबाबदार स्थानिक लोक. जंगल तोडून, जाळून केलेली फिरती शेती आणि बेसुमार गुरे यांमुळे रानाची राख होते आणि मागून वाळू येते. उपाय काय, तर वाळवंटाच्या वाटेत आडवे जंगलाचे रुंद पट्टे राखायचे.

काळही या विचाराला अनुकूल होता. त्याच सुमारास अमेरिकेच्या मध्यभागातली नांगरलेली माती वाऱ्याबरोबर उडत होती. मे १९३४ मधल्या एका वादळाने ती थेट न्यूयॉर्कपर्यंत नेऊन टाकली होती. जमीन मरते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. मग आफ्रिकेतही तसेच घडत असणार, हे पटायला वेळ लागला नाही.

पण स्टेबिंग यांनी हा प्रवास केला कोरड्या ऋतूत. त्या दिवसांत सहाराकडून ‘हरमाटन’ नावाचा कोरडा, धुळीने भरलेला वारा वाहतो. झाडे निष्पर्ण असतात, गवत वाळलेले असते आणि आभाळ धुरकट असते. आपल्याकडे कुणी परदेशी पाहुणा फक्त एप्रिल-मे महिन्यांत मराठवाडा पाहून गेला आणि ‘हा प्रदेश वाळवंट झाला’ असे लिहू लागला, तर आपण काय म्हणू?

ब्रिटिश आणि फ्रेंच सरकारांनी मात्र शहाणपणा दाखवला. या दाव्याची तपासणी करण्यासाठी त्यांनी संयुक्त वन-आयोग नेमला. डिसेंबर १९३६ ते फेब्रुवारी १९३७ या काळात नायजेरिया आणि नायजर यांच्या सीमेवरचा मुलूख या आयोगाने पालथा घातला. त्यांना आढळले की वाळूच्या टेकड्या आहेत खऱ्या, पण त्या फार प्राचीन आहेत आणि गवता-झुडपांनी जागच्या जागी धरून ठेवल्या आहेत. मोठ्या प्रमाणावर वाळू पुढे येत असल्याचा पुरावा नाही. जमिनीची धूप आहे, काही ठिकाणी ती गंभीर आहे, पण हे दुखणे जागच्या जागी उद्भवलेले आहे, उत्तरेकडून चालून आलेले नाही. आयोगातले एक सदस्य, आंद्रे ओब्रेव्हिल, यांनी १९४९ मध्ये एक ग्रंथ लिहिला आणि त्यामुळे ‘वाळवंटीकरण’ हा शब्द शास्त्रीय वर्तुळात रूढ झाला. गंमत म्हणजे त्यांना या शब्दातून सहाराची आगेकूच मुळीच सांगायची नव्हती. ते बोलत होते ते त्याहून दक्षिणेच्या, भरपूर पावसाच्या प्रदेशातली जंगले तुटून तिथे उघडी, धुपलेली जमीन कशी तयार होते याविषयी. वाळवंट बाहेरून येत नाही, ते आपल्या पायांखाली तयार होते, हा त्यांचा मुद्दा. शब्द टिकला, मुद्दा विसरला गेला.

स्टेबिंग यांची कल्पना मात्र मरायला तयार नव्हती. मला वाटते, याचे एक कारण ती सोयीची होती हे आहे. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत १९३५ च्या वनकायद्याने जंगलावर आणि अनेक उपयुक्त झाडांवर सरकारची मालकी पक्की केली होती. लोकांच्या हाती जंगल सुरक्षित नाही, हे सांगणारे शास्त्र अशा कायद्याला हवेच असते. हा कायदा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आपल्या देशातही ही कल्पना पोचली. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यात राजस्थानचे वाळवंट गेली पन्नास वर्षे दर वर्षी सुमारे अर्धा मैल या वेगाने पंजाब आणि उत्तर प्रदेशाच्या दिशेने पसरत असल्याचे म्हटले आहे. १९५२ मध्ये जोधपूरला मरुभूमीत वनीकरणाचे केंद्र निघाले आणि त्यातूनच १९५९ मध्ये केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था उभी राहिली. वाळूच्या टेकड्या गवताने आणि झुडपांनी स्थिर करण्याचे फार मोलाचे काम या संस्थेने केले. पण अर्ध्या मैलाच्या सरळ आगेकुचीला नंतरच्या अभ्यासांतून आधार मिळाला नाही. तो वेग खरा असता तर एव्हाना वाळू तीस-पस्तीस मैल पुढे आलेली दिसायला हवी होती.

आता १९६८ साली येऊ. १९५० चे दशक साहेलमध्ये चांगल्या पावसाचे गेले होते. त्या भरवशावर शेते उत्तरेकडे सरकली आणि गुरांचे कळप वाढले. सरकारांनी आणि परदेशी मदतीने खोल विंधनविहिरी खोदल्या आणि त्यांच्याभोवती गुरे दाटली. मग पाऊस हटला. १९६८ ते १९७३ असा दुष्काळ पडला. चाड सरोवराचे पाणी झपाट्याने आटले, लक्षावधी गुरे मेली. किती माणसे दगावली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. एक लाख हा आकडा नेहमी दिला जातो. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला तोही याच काळात. आपल्याकडे रोजगार हमीची कामे निघाली, खडी फोडून का होईना लोक जगले. साहेलमधल्या नव्याने स्वतंत्र झालेल्या, रस्तेही नसलेल्या देशांना ते जमले नाही.

जगाचे लक्ष तिकडे गेले आणि जुनी कल्पना नव्या जोमाने परतली. १९७५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ह्यू लॅम्प्रे या परिस्थितिशास्त्रज्ञांनी उत्तर सुदानवरून छोट्या विमानातून पाहणी केली. वाळवंटाची कड कुठे आहे ते त्यांनी टिपले आणि १९५८ साली छापलेल्या वनस्पतींच्या नकाशातल्या कडेशी ताडून पाहिले. फरक ९० ते १०० किलोमीटर निघाला. मध्ये गेलेली वर्षे सतरा. भागाकार करा : वर्षाला सुमारे साडेपाच किलोमीटर. जगभर गाजलेला आकडा तो हाच.

या भागाकारात काय खटकते, हे आठवी-नववीच्या मुलांना विचारून पाहावे. पहिली गोष्ट, निरीक्षणे फक्त दोन. दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढता येते, पण त्या रेषेवरून चाल ठरवता येत नाही. दुसरी, पहिले निरीक्षण चांगल्या पावसाच्या दशकाच्या शेवटचे आणि दुसरे भीषण दुष्काळाच्या नंतरचे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी वाळूत रेघ ओढली, सहा तासांनी ओहोटी असताना पाण्याची कड पुन्हा मोजली आणि भागाकार करून ‘समुद्र कोकण सोडून चालला’ असे जाहीर केले, तर त्यात जे चुकेल तेच इथे चुकले. ‘साहेल’चा अर्थ किनारा असावा, हा योगायोगही मोठा बोलका आहे. तिसरी गोष्ट सर्वांत गमतीची. १९५८ च्या नकाशातली वाळवंटाची कड प्रत्यक्ष फिरून आखलेली नव्हतीच. ती ७५ मिलिमीटर पावसाच्या समपर्जन्य रेषेला धरून काढली होती, आणि तीही मोजक्या पर्जन्यमापकांवरून. म्हणजे लॅम्प्रे यांनी एका वर्षीच्या झुडपांची तुलना केली ती कागदावरच्या पावसाच्या सरासरीशी. हे सारे पुढे स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील उल्फ हेल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड केले. १९८० च्या दशकात त्यांनी सुदानमध्ये उपग्रहचित्रे, हवाई छायाचित्रे आणि पायी पाहणी यांची सांगड घातली. पाऊस कमी झाला की हिरवळ मागे हटते आणि पाऊस आला की परत येते, असे त्यांना दिसले. वाळवंटाची सलग चाल सापडली नाही.

पण तोवर १९७७ साली नैरोबीत संयुक्त राष्ट्रांची वाळवंटीकरणावरची परिषद होऊन गेली होती. २००० सालापर्यंत वाळवंट थोपवण्याचा आराखडा मंजूर झाला होता. पुढच्या काही वर्षांत ‘पृथ्वीवरील इतकी टक्के जमीन धोक्यात’ असे जे आकडे फिरू लागले, ते बऱ्याच अंशी देशोदेशींच्या सरकारांना प्रश्नावल्या पाठवून जमवलेले होते. जिल्हास्तरावरून वर जाणारी माहिती कशी भरली जाते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

खरी मोजणी आकाशातून झाली. हिरव्या पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर पानाची अंतर्रचना अवरक्त प्रकाश परावर्तित करते. त्यामुळे एखाद्या जागेवरून आलेला लाल प्रकाश आणि दृश्य पट्ट्याला लागून असलेला अवरक्त प्रकाश यांची तुलना केली की तिथे किती हिरवळ आहे हे आकड्यात मांडता येते. हवामान-उपग्रहांच्या अशा नोंदी वापरून अमेरिकेतील कॉम्प्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सहाराचे दहा वर्षांचे क्षेत्रफळ प्रसिद्ध केले. १९८० मध्ये सहारा होता सुमारे ८६ लाख चौरस किलोमीटर. १९८४ मध्ये तो फुगून जवळजवळ एक कोटीला पोचला. त्या वर्षी पुन्हा मोठा दुष्काळ होता. मग तो आक्रसला आणि १९९० मध्ये सुमारे ९३ लाखांवर होता. श्वास घेताना छाती वर-खाली व्हावी, तशी ही कड उत्तर-दक्षिण होत होती. उपग्रहांच्या आकड्यांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशा आम्हा मंडळींना हा आलेख आजही आवडतो, कारण त्याने एका फटक्यात पन्नासहून अधिक वर्षांचा वाद निराळ्या पातळीवर नेला.

मग पाऊस का हटला होता? यावरही आधीचे उत्तर ‘माणसांमुळे, गुरांमुळे’ असेच होते, आणि ते चांगल्या भौतिकशास्त्रावर उभे होते. १९७५ मध्ये विख्यात हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांनी मांडले की गवत चरून संपले की उघडी वाळू जास्त सूर्यप्रकाश परत फेकते. जमीन कमी तापते, हवा वर चढण्याऐवजी खाली बसते आणि पाऊस घटतो. पाऊस घटला की गवत आणखी कमी. त्यांच्या गणिती प्रारूपात जमिनीची परावर्तकता १४ टक्क्यांवरून ३५ टक्के केली की साहेलचा पाऊस सुमारे ४० टक्क्यांनी घटत होता. कल्पना सुंदर होती. पण प्रत्यक्षात एवढा बदल एवढ्या मोठ्या प्रदेशावर झालाच नव्हता.

दुसरा धागा समुद्राकडे जात होता. १९८६ मध्ये ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञांनी साहेलचा दुष्काळ आणि महासागरांच्या पृष्ठभागाचे तापमान यांचा संबंध दाखवला. २००३ मध्ये अलेसांद्रा जानीनी आणि सहकाऱ्यांनी संगणक-प्रारूपाला फक्त समुद्राची प्रत्यक्ष मोजलेली तापमाने दिली. गुरे, कुऱ्हाडी, नांगर यांतले काहीही दिले नाही. तरीही साहेलचा दुष्काळ त्या प्रारूपात आपोआप उमटला. पावसाचा पट्टा उष्ण गोलार्धाकडे झुकतो. उत्तर अटलांटिक दक्षिणेच्या मानाने थंड राहिला की हा पट्टा साहेलपर्यंत चढतच नाही. आणि उत्तर अटलांटिक थंड का राहिला? एक महत्त्वाचे कारण असे दिसते की युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांतून आणि वीजकेंद्रांतून निघालेल्या गंधकाच्या धुराने सूर्यप्रकाश अडवला. या कारणाचा वाटा नेमका किती, यावर मतभेद आहेत. पण तिकडे हवा स्वच्छ ठेवण्याचे कायदे झाल्यावर धूर घटला आणि १९८० च्या दशकानंतर साहेलचा पाऊस बराचसा सावरला, एवढे खरे. ज्या गुराख्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते, त्याच्या दुष्काळाचा एक धागा असा दूरच्या धुराड्यांपर्यंत पोचला. चार्नी सर्वस्वी चुकले असेही नाही. झाडोरा गेला की समुद्राने आणलेला दुष्काळ अधिक तीव्र आणि लांब होतो, हे आज मान्य आहे.

याचा अर्थ जमीन बिघडत नव्हती असा कुणी घेऊ नये. पाऊस परतला तरी ज्या जमिनीची वरची माती वाहून गेली होती, तिथे दगडासारखी कडक पपडी उरली होती. पाणी पडायचे ते वरून निघून जायचे. बुर्किना फासोच्या यातेंगा भागात याकुबा सावादोगो नावाच्या शेतकऱ्याने १९८० च्या सुमारास एक जुनी पद्धत सुधारून वापरायला सुरुवात केली. तिला ‘झाई’ म्हणतात. कोरड्या ऋतूतच वीतभर रुंदीचे खड्डे खणायचे, त्यांत मूठभर शेणखत टाकायचे. शेणाच्या वासाने वाळवी येते, ती खड्ड्याच्या तळाला भोके पाडते. पहिला पाऊस खड्ड्यात साठतो आणि भोकांवाटे मुरतो. मग त्यात ज्वारी-बाजरी पेरायची. शेणातल्या बियांतून झाडेही उगवतात, ती राखायची. त्याच भागात समपातळीवर दगडांच्या ओळी रचण्याचे काम पसरले. पातळी काढायला शेतकरी वापरत ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, जी घेऊन आपल्याकडचा गवंडी जोत्याची पातळी बघतो.

शेजारच्या नायजरमध्ये १९८३ च्या सुमारास टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ रोपे लावून लावून थकले होते. बहुतेक रोपे मरत. एके दिवशी त्यांच्या लक्षात आले की शेतात दिसणारी किरकोळ झुडपे ही झुडपे नाहीतच. ती तोडलेल्या मोठ्या झाडांच्या खुंटांना फुटलेले धुमारे आहेत. मुळे खाली जिवंत आहेत. वर्षानुवर्षे शेतकरी पेरणीआधी ते छाटून टाकत होते. चार-पाच जोमदार धुमारे ठेवून बाकीचे काढले तर काही वर्षांत झाड उभे राहते. मग शेतकरी हे आधीच का करत नव्हते? इथे तो १९३५ चा कायदा आठवावा. झाड सरकारचे. वाढू दिले तर उद्या वनरक्षक येऊन दंड करणार, त्यापेक्षा लहान असतानाच कापलेले बरे. वनखात्याचा हात सैल झाला आणि झाडे आपली आहेत असे शेतकऱ्यांना वाटू लागले, तेव्हा ती वाढली. पुढे जुनी हवाई छायाचित्रे आणि नवी उपग्रहचित्रे ताडून पाहिल्यावर दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर अशी झाडे आढळली. त्यांतले ‘गाओ’ हे बाभळीच्या गणगोतातले झाड मोठे लबाड आहे. ते पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही, आणि कोरड्या ऋतूत हिरवे होते, तेव्हा गुरांना पाला मिळतो.

इकडे स्टेबिंग यांचा पट्टाही पुन्हा अवतरला. २००७ मध्ये आफ्रिकी संघाने सेनेगलपासून जिबुतीपर्यंत ८,००० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद झाडांच्या ‘हिरव्या भिंती’ची योजना स्वीकारली. भिंत कुणाला अडवणार, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी लगेच विचारला. हळूहळू योजनेचे स्वरूप बदलून ठिकठिकाणची जमीन सुधारण्याकडे ते वळले, नाव तेवढे भिंतीचे राहिले. हवामानबदलाने आता निराळेच गणित पुढे ठेवले आहे. १९८२ पासूनच्या उपग्रह-नोंदींनुसार साहेलमधली अतितीव्र वादळे सुमारे तिप्पट झाली आहेत. पाऊस आला तरी तो असा कोसळून आला तर पपडी धरलेल्या जमिनीवरून माती घेऊनच जातो.

१९९४ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात वाळवंटीकरणाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात वाळूचा उल्लेखही नाही. शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या-दमट प्रदेशांतला जमिनीचा ऱ्हास, मग तो हवामानातल्या चढउतारांनी होवो की माणसाच्या वागण्याने, एवढेच तिच्यात म्हटले आहे. भारत या करारात आहे. इस्रोने २०२१ मध्ये काढलेल्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशाची ९७८.५ लाख हेक्टर, म्हणजे २९.७७ टक्के जमीन ऱ्हास पावलेली होती. कारणांत पहिला क्रमांक पाण्याने होणाऱ्या धुपेचा, दुसरा झाडोरा कमी होण्याचा. वाऱ्याने होणारी धूप त्यांच्या मागे आहे.

शाळेजवळ एखादा उघडा उतार असेल तर ही धूप मुलांना मोजता येते. मे महिन्यात वीतभर लांबीचे दहा-बारा लोखंडी खिळे उतारावर ठिकठिकाणी ठोकावेत, काही गवत असलेल्या जागी, काही उघड्या जागी. खिळ्याचा जमिनीबाहेरचा भाग मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावा. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजावा. एक मिलिमीटर माती गेली म्हणजे एकरी सुमारे पाच टन गेली. वही मात्र पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे सोपवावी. दोनच नोंदींवर भागाकार करू नये.